काटा, केबल आणि मागील शिल्लक

आपल्या व्यापारी कुटुंबांत जुनी मोटार ही निव्वळ वाहन म्हणून उभी नसते. लासलगावचा कांदा, पिंपळगावची द्राक्षे, येवल्याची पैठणी, मालेगावचे कापड आणि नाशिकच्या भांडी बाजारातील तांब्या-पितळेचा माल यांच्या निमित्ताने ज्या गाडीने उभा-आडवा जिल्हा पालथा घातला, ती फियाट, अ‍ॅम्बॅसडर किंवा महिंद्राची जीप अनेक घरांच्या पडवीत आजही जपलेली आढळते. मुलांनी नवी मोटार आणली, तरी वडिलांच्या काळातील गाडी विकण्यास कोणाचे मन धजावत नाही. इंजिन साथ देते, पत्र्याची डागडुजी होते, गाद्याही नव्या शिवून मिळतात. अडते ते बहुधा एका लहानशा गोष्टीपाशी. वेग दाखविणारा काटा थरथरू लागतो, मग शून्यावर निजतो आणि त्याच्यासोबत किलोमीटरचा आकडाही गोठून जातो.

गॅरेजमध्ये नेले की दोन उत्तरे मिळतात. पहिले, ‘ह्याची केबल आता मिळत नाही.’ दुसरे, ‘जुने काढून इलेक्ट्रॉनिक मीटर बसवून टाकू.’ दुसरे उत्तर सोयीचे असले, तरी ‘बसवून टाकू’ इतके ते सोपे नाही. मोटारीचे मीटर हे एक माप आहे आणि माप बदलताना काय काय सांभाळावे लागते, हे व्यापारी घराला वेगळे सांगावयास नको. म्हणून ह्या अंकात ह्याच विषयाचा साकल्याने विचार करू.

जुने मीटर चालते कसे?

यांत्रिक वेगमापकाची मूळ कल्पना स्ट्रासबुर्ग येथील अभियंता ओटो शुल्झ याची. त्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढील सुमारे ऐंशी वर्षे जगभरच्या मोटारी त्याच तत्त्वावर आपला वेग सांगत राहिल्या. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्यावर एक लहान दातेरी चक्र असते. ते फिरले की त्याला जोडलेली लवचीक पोलादी तार फिरते. ही तार एका आवरणातून थेट डॅशबोर्डापर्यंत येते. हीच आपली मीटरची केबल. तारेच्या वरच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी. चुंबक वाटीला स्पर्श करीत नाही. परंतु तो फिरू लागला की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाऊ पाहते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. ह्या ओढाताणीत वाटी जितकी वळते, तितका तिच्यावरील काटा वळतो. गाडी जितकी वेगात, तितकी ओढ अधिक.

किलोमीटरचा आकडा मात्र चुंबकावर अवलंबून नसतो. त्याच तारेवरून दातेरी चक्रांची एक मालिका निघते आणि ती आकड्यांची चक्रे फिरविते. एक चक्र पूर्ण फिरले की शेजारचे एक घर पुढे सरकते. ही मोजणीची रीत फार प्राचीन आहे. रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचे वर्णन केले आहे. चाकाच्या ठराविक फेऱ्या झाल्या की तिच्यातील पात्रात एक खडा पडे आणि प्रवासाच्या शेवटी खडे मोजून अंतर कळे.

ह्या रचनेवरून बिघाडाची जागाही ओळखता येते. काटा थरथरत असेल आणि डॅशबोर्डातून टकटक आवाज येत असेल, तर केबलमधील ग्रीस सुकले आहे किंवा केबल कोठेतरी तीव्र वळली आहे. काटा आणि आकडा दोन्ही एकदम थांबले, तर तार तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधील चक्राचे दाते झिजले आहेत. काटा चालतो पण आकडा सरकत नाही, तर दोष मीटरच्या आतील चक्रांत आहे. आकडा बरोबर सरकतो आणि काटाच तेवढा चुकीचा वेग दाखवितो, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा चुंबकाची शक्ती क्षीण झाली आहे. ही पारख आधी झाली पाहिजे. अनेकदा केबल काढून, स्वच्छ करून, नव्याने ग्रीस भरले की काम भागते. जे ग्रीसने दुरुस्त होते, त्यासाठी संपूर्ण मीटर बदलणे हा अपव्ययच होय.

नवे मीटर काय मोजते?

इलेक्ट्रॉनिक वेगमापकात फिरणारी तार नसते. जेथे केबल जोडलेली असे, तेथे एक सेन्सर बसतो. दांडा एक फेरी पूर्ण करतो तेव्हा सेन्सर विजेचे ठराविक स्पंद पाठवितो. काही चार, काही आठ. बहुतेक सेन्सर ज्या तत्त्वावर चालतात, ते एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधले. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आला की तिच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, हे ते तत्त्व. मीटरमधील इलेक्ट्रॉनिक मंडल हे स्पंद मोजते. सेकंदाला किती स्पंद आले यावरून वेग ठरतो आणि एकूण किती आले यावरून अंतर. काटा असलाच, तर त्याला एक लहानशी मोटर हलविते.

एक उदाहरण घेऊ. पुष्कळ जपानी बनावटीच्या मोटारींमध्ये केबल दर किलोमीटरला ६३७ फेरे घेते. तेथे फेरीमागे आठ स्पंद देणारा सेन्सर बसविला, तर किलोमीटरला ६३७ × ८ म्हणजे ५,०९६ स्पंद होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर एका मिनिटात संपतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ८५ स्पंद. मीटरला ‘५,०९६ स्पंद म्हणजे एक किलोमीटर’ हे एकदा सांगून ठेवले की बाकीचे गणित त्याचे ते करते. हा आकडा सांगणे यालाच कॅलिब्रेशन म्हणतात आणि सगळ्या रूपांतराचा जीव ह्या एका आकड्यात असतो. तो चुकला, तर चकचकीत मीटर आयुष्यभर शांतपणे खोटे बोलत राहील.

रूपांतराचे तीन मार्ग

पहिला मार्ग वर सांगितलेलाच. गिअरबॉक्सवर सेन्सर आणि डॅशबोर्डात नवे मीटर. रोज वापरात असणाऱ्या गाडीला हा मार्ग सर्वांत भरवशाचा. सेन्सर त्याच गिअरबॉक्सच्या मापाचा आणि आट्यांचा मिळतो की नाही, हे आधी पाहावे. सैल बसला तर तेथून तेल गळते.

दुसरा मार्ग उपग्रहावर चालणाऱ्या जीपीएस मीटरचा. त्याला गिअरबॉक्सशी देणेघेणे नसते. टायर कोणताही असो, वेग अचूक मिळतो. मात्र त्याला मोकळे आकाश लागते. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यात शिरल्यावर उपग्रहाचा संकेत तुटतो आणि नेमके जेथे वेगाकडे लक्ष हवे, तेथे साधे जीपीएस मीटर मुके होते. म्हणून ते मुख्य मीटर म्हणून नव्हे, तर पडताळणीसाठी अधिक उपयोगी.

तिसरा मार्ग जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यांसाठी. मूळ तबकडी, मूळ काटा आणि मूळ काच तशीच ठेवून आतील चुंबक-वाटीच्या जागी लहान मोटर व इलेक्ट्रॉनिक मंडल बसविता येते. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही. हे काम हलक्या हाताच्या, घड्याळजी वृत्तीच्या कारागिराचे आहे. खर्च आणि वेळ दोन्ही अधिक लागतात.

मार्ग कोणताही निवडला, तरी वीजजोडणीकडे दुर्लक्ष नको. मीटरला दोन वीजवाहिन्या लागू शकतात. एक किल्ली फिरविल्यावर चालू होणारी आणि दुसरी, आठवण टिकविण्यासाठी, कायम चालू. दोन्हींवर योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. सेन्सरची तार स्पार्क प्लगच्या जाड तारांपासून दूर न्यावी आणि शक्यतो जाळीच्या आवरणाची घ्यावी. अन्यथा ठिणगीचा प्रत्येक झटका स्पंद समजून मीटर गाडी उभी असतानाही वेग दाखवू लागते. फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे, तर काही जुन्या जीपना सहा व्होल्टची बॅटरी होती. हे न पाहता बारा व्होल्टचे नवे मीटर जोडले, तर ते पहिल्याच क्षणी जळून जाईल.

टायरचे माप आणि हिशेब

वेग आणि अंतर शेवटी चाकाच्या फेऱ्यांवरून मोजले जाते. म्हणून टायर बदलला की माप बदलते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला १४५/७० आर १२ मापाचे टायर. ह्या मापावरून चाकाचा परीघ सुमारे १,५९५ मिलिमीटर येतो. त्याऐवजी अल्टोसारख्या गाडीचे १४५/८० आर १२ टायर चढविले, तर परीघ सुमारे १,६८६ मिलिमीटर होतो. म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के अधिक. मीटर ६० दाखवीत असते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वर धावत असते.

हा फरक खात्यातही उतरतो. ७० लिटर पेट्रोलमध्ये गाडी प्रत्यक्षात १,०५७ किलोमीटर धावली, तर मीटर १,००० च दाखविते. लिटरला १५.१ किलोमीटरऐवजी १४.३ पडले असे वाटते आणि बिनकारण इंजिनावर किंवा ड्रायव्हरवर संशय येतो. पेढीची गाडी असेल, फेऱ्यांची नोंदवही ठेवली जात असेल आणि त्यावरून इंधनाचा खर्च पडत असेल, तर वर्षाच्या शेवटी हा आकडा लहान राहत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरचा खरा लाभ येथे आहे. टायर बदलला, तर दातेरी चक्र न बदलता स्पंदांचा आकडा तेवढा दुरुस्त करता येतो.

पडताळणी घरच्या घरी होते. रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर, हवा योग्य भरून, एकसारखा वेग ठेवावा आणि एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते शेजारी बसलेल्याने मोजावे, चालकाने नव्हे. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर ६०, ४५ लागले तर ८०, ४० लागले तर ९० आणि ३६ लागले तर १००. एका किलोमीटरवर विसंबू नये. सलग पाच किलोमीटर मोजून सरासरी काढावी.

थोडा फरक राहिलाच, तर तो कोणत्या बाजूला असावा? संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम ३९ ह्या बाबतीत मार्मिक आहे. मीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. अधिक दाखविला तर तो प्रत्यक्ष वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर ह्या मर्यादेत असावा. म्हणजे प्रत्यक्ष ८० असताना मीटरने ८० ते ९२ च्या दरम्यान दाखविणे चालेल, ७९ मात्र चालणार नाही. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार मोटारीला वेगमापक असणे आवश्यक आहे. ज्या समृद्धी महामार्गावर मोटारींना कमाल १२० ची मर्यादा आहे आणि मर्यादा ओलांडल्यास चलन थेट मोबाइलवर येते, तेथे बंद पडलेला काटा घेऊन जाणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ८० च्या वर सूचनेचा आणि १२० च्या वर अखंड वाजणारा इशारा सक्तीचा झाला. जुन्या गाडीला असा इशारा नाही. तिच्याजवळ आहे तो फक्त काटा.

मागील शिल्लक

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. नवे मीटर आले, ते शून्यापासून सुरू झाले. जुने मीटर मिस्त्रीच्या खोक्यात पडले. मग त्या गाडीने तोवर केलेल्या वाटचालीचे काय?

दिवाळीत नवी वही पूजली जाते, पण तिच्या पहिल्या पानावर जुन्या वहीची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय कोणी व्यवहार लिहीत नाही. मागील देणे-घेणे वगळून नवे पान सुरू करणाऱ्यास आपण नव्या वर्षाचा मानकरी म्हणत नाही. मोटारीचे मीटर ही गाडीची खतावणीच आहे आणि तिलाही हाच न्याय लागू आहे.

ही शिल्लक ओढताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, जुनी मीटरे पुष्कळदा पाचच आकड्यांची असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येई. त्यामुळे ४२,००० दिसणारी गाडी प्रत्यक्षात १,४२,००० चाललेली असू शकते. दोन, काही जुन्या तबकड्या मैलांत आहेत. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि मैल हळूहळू मागे पडले. ३८,००० मैल म्हणजे सुमारे ६१,१५५ किलोमीटर; आकडा तसाच उतरविला तर तेवीस हजार किलोमीटर गिळले जातात. तीन, मीटर बंद पडल्यापासून ते बदलेपर्यंत गाडी किती चालली, याचा अंदाज ‘अंदाज’ म्हणूनच लिहावा.

काही इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये सुरुवातीला एकदाच जुना आकडा भरण्याची सोय असते. मीटर घेतानाच हे विचारावे आणि असल्यास तेच घ्यावे. नसल्यास जुन्या मीटरचे छायाचित्र, बदलाची तारीख, जुना आकडा, नवा आकडा, भरलेली स्पंदसंख्या आणि गॅरेजचे बिल हे सर्व गाडीच्या कागदांत ठेवावे व एक चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरविण्यास बंदी आली. जुना आकडा नव्या मीटरवर आणता येत नसेल, तर तो शून्य करून पूर्वीचा आकडा आणि तारीख दाराच्या डाव्या चौकटीवर लिहून लावावी, अशी तेथील कायद्याची आज्ञा आहे. आपल्याकडे अशी चिठ्ठी कोणी मागणार नाही. म्हणूनच ती आपण होऊन लावण्यात मोल आहे.

गाडी विकताना हा प्रश्न टोकदार होतो. शून्यापासून सुरू झालेले नवे मीटर पाहून घेणारा ‘गाडी फारच कमी चाललेली दिसते’ म्हणतो आणि विकणारा गप्प बसतो. त्याने एकही खोटा शब्द उच्चारलेला नाही. तरी मौनाची किंमत त्याच्या खिशात पडली. जाणूनबुजून आकडा लपवून गाडी विकणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीपर्यंत जाऊ शकते. पण आपल्या परंपरेने ही रेषा कायद्याच्या कितीतरी आधी आखली आहे. कमी-अधिक मापे ठेवणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला गेला, तेव्हा ते बोट तराजू आणि मापट्याकडे होते. आज मोटारीचे मीटरही मापच आहे.

इलेक्ट्रॉनिक झाले म्हणजे माप आपोआप प्रामाणिक होते, असाही भ्रम नको. मुंबईतील रिक्षा-टॅक्सींची यांत्रिक मीटरे पळतात, ही प्रवाशांची नित्याची तक्रार होती. भाडे वाढले की हातात दरपत्रक घेऊन मीटरच्या आकड्याचे रुपयांत रूपांतर करावे लागे. २०१२ च्या सुमारास तेथे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, दरपत्रकाची कटकट गेली. तरी छेडछाडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. निदान त्या मीटरांवर वैधमापनशास्त्र यंत्रणेची तपासणी आणि शिक्का असतो. खासगी मोटारीच्या मीटरवर कोणाचाच शिक्का नसतो. तेथे मालकाची नोंदवही हाच शिक्का.

कोणी बदलावे, कोणी बदलू नये?

गाडी रोज किंवा आठवड्यातून चार वेळा बाहेर पडत असेल, महामार्गावर जात असेल आणि तिची केबल किंवा गिअरबॉक्समधील चक्र मिळत नसेल, तर निःसंकोच रूपांतर करावे. बंद काट्यापेक्षा परके मीटर बरे.

परंतु गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर घाई करू नये. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले; दहा वर्षांच्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील अट. मीटर ह्या तिन्हींत मोडत नाही. तरीही अशा गाडीचे मोल तिच्या मूळपणात असते. तिच्यासाठी केबल घडवून घ्यावी, जुने मीटर उघडून दुरुस्त करावे किंवा वर सांगितलेला तिसरा मार्ग धरावा.

दोन्ही प्रसंगी एक गोष्ट समान. काढलेले जुने मीटर भंगारात देऊ नये. ते कापडात गुंडाळून, वर तारीख आणि आकडा लिहून, गाडीच्या कागदांसोबत ठेवावे. उद्या नातवाने त्या गाडीचा इतिहास विचारला किंवा घेणाऱ्याने शंका काढली, तर दाखविण्यासाठी मूळ वही आपल्याजवळ असली पाहिजे.